आधी पातेल्यात बघायचं

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा निरोप आला आणि पहिला आठवला तो शनिवारचा शेवटचा तास. सकाळची शाळा, पोटात भूक, खाली रस्त्यावर लालबागची वर्दळ आणि वर्गात बाई टेबलाला टेकून उभ्या. हातात खाकी कव्हर घातलेलं 'श्यामची आई'.

एका शनिवारी एकच रात्र, असा बाईंचा नेम. त्या पुस्तकात प्रकरणांना 'रात्र' म्हटलंय, कारण श्याम आश्रमातल्या सोबत्यांना रोज रात्री प्रार्थना झाल्यावर आईची एकेक आठवण सांगतो. रात्री ४२ आणि सुट्ट्या, परीक्षा वगळून हाती लागणारे शनिवार फारच थोडे. त्यामुळे सहावीत सुरू झालेलं पुस्तक सातवीत संपलं. बाई सातवीला आमच्या वर्गावर नव्हत्या, पण तेवढा एक तास त्यांनी मागून घेतला होता.

साल १९८२. गिरणी कामगारांचा संप १८ जानेवारीला सुरू झाला आणि आम्ही जूनमध्ये सहावीत गेलो. आमच्या वर्गातल्या बहुतेक मुलांचे वडील गिरणीत होते. माझे बाबा साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर. अडीच लाख कामगार संपावर, भोंगे बंद. ज्या भोंग्यांवर आमच्या चाळीचं उठणं, आंघोळी आणि डबे चालायचे, ते वाजेनासे झाले. वर्गातली मुलंही कमी होऊ लागली. कुणी राजापूरला गेला, कुणी पाटणला. हजेरी घेताना बाई त्यांची नावं गाळत नसत. नाव घ्यायच्या, क्षणभर थांबायच्या आणि पुढे जायच्या.

आमची आई खानावळ चालवायची. दहा बाय बाराच्या खोलीत पाळीप्रमाणे नऊ गाळेकरी, म्हणजे घरची माणसं गावी ठेवून इथे एकटे राहणारे कामगार, जेवून जायचे. संप लांबला तसे एकेक करून सगळे गावाला गेले. बाबांचा पगार आधीच थांबला होता, आता आईचीही कमाई थांबली. भिंतीवर ओळीने टांगलेले नऊ डबे मात्र तिने विकले नाहीत. ती ते दर आठवड्याला घासून परत टांगायची. तेव्हा मला त्याचा अर्थ कळत नव्हता.

दिवाळी झाली आणि गावाहून आलेल्या कुळथावर आमचं घर चालू लागलं. सकाळी कुळथाचं पिठलं, रात्रीही तेच. एका रात्री मी ताट पुढे सरकवून म्हणालो, "आज पण पिठलंच?" आई काही बोलली नाही. स्टोव्हची वात खाली करत बसली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घालून भाकरी मोडली.

त्यानंतर दोन-तीन शनिवारांनी बाईंनी 'अळणी भाजी' वाचली. प्रसंग बहुतेकांना माहीत असेल. आईच्या हातून भाजीत मीठ घालायचं राहून जातं. वडील एक अक्षर न बोलता जेवतात, वर भाजीला छान म्हणतात. वडील बोलत नाहीत म्हणून मुलंही गप्प राहतात. सगळ्यांच्या मागून आई जेवायला बसते, तेव्हा तिला पहिल्या घासाला कळतं. एवढंच प्रकरण. आम्हाला वाटलं, आता बाई वडिलांच्या मोठेपणाबद्दल बोलणार. पण त्या म्हणाल्या, "वडील थोर आहेतच. पण तुम्ही आईकडे बघा. मला कुणी बोललं नाही, सुटले, असं तिला वाटत नाही. माझ्या माणसांना मी अळणी खायला घातलं, याचं तिला वाईट वाटतं."

मी घरी आलो तो मनाशी ठरवूनच. रात्री पिठलं वाढल्यावर म्हणालो, "आई, मस्त झालंय. अजून वाढ." तिचा चेहरा खुलला. तिने पातेलं तिरकं केलं, पळीने कडेकडेचं खरवडलं आणि सगळं माझ्या ताटात घातलं. मी ते चाटूनपुसून खाल्लं. मग हात धुवायला मोरीवर उठलो आणि मागे वळून पाहिलं. आई भिंतीकडे तोंड करून जेवत होती. ताटात भाकरी, मीठ आणि एक हिरवी मिरची.

रात्रभर ते ताट डोळ्यांपुढून हलेना. सोमवारी मधल्या सुट्टीत मी बाईंना सगळं सांगितलं. 'मस्त झालंय' म्हटलं तरी चुकलं, मग करायचं तरी काय, असं विचारलं. बाईंनी हातातली पोळी डब्यात ठेवली. म्हणाल्या, "श्यामची आई सगळ्यांच्या मागून जेवते, हे तू ऐकलंस ना? मग आधी पातेल्यात बघायचं. मागायचं की नाही, ते नंतर."

या पुस्तकाबद्दल बोलताना लोक हटकून पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस तसं मनालाही जप, हीच शिकवण सांगतात. ती मोठीच आहे. पण श्यामची आई म्हणजे नुसती पदर पसरणारी, डोळे टिपणारी बाई, असं जे चित्र झालंय ते मला पटत नाही. पोहायला घाबरून लपून बसलेल्या श्यामला ती शिंपटीने फोडून काढते. आपल्या मुलाला कुणी भित्रा म्हणावं, हे तिला सहन होत नाही. भाऊबीजेला भावाकडून आलेल्या ओवाळणीतून ती स्वतःला काही न घेता नवऱ्याला धोतर आणते, कारण त्याचं नेसतं धोतर विटलेलं, फाटलेलं तिने पाहिलेलं असतं. ती आधी बघते आणि मग बोलते. तिच्या बोलण्याला वजन आहे ते त्यामुळे. धाकट्या भावासाठी श्याम खाऊचे पैसे साठवून कोट शिवतो आणि पावसापाण्यात दापोलीहून पालगडला चालत जातो, तेही त्याच घरात शिकलेलं.

साने गुरुजींनी हे पुस्तक नाशिकच्या तुरुंगात ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत लिहिलं, असं बाईंनी सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "पाच दिवसांत एवढं?" बाई म्हणाल्या, "पाच दिवस नाही रे. त्यांची आई १९१७ साली गेली. तेव्हापासून धर." आज मीही आईबद्दल लिहायला बसलोय आणि ते बोलणं कानात आहे.

कर्जावरचं प्रकरण आलं तोवर आम्ही सातवीत गेलो होतो आणि संपाला दीड वर्ष झालं होतं. कुणाच्या आईचं मंगळसूत्र गेलं होतं, कुणाची खोलीच जायच्या बेतात होती. त्या दिवशी बाईंनी वर्गाचं दार लावून घेतलं, हळू आवाजात वाचलं आणि एकही प्रश्न विचारला नाही. वाचून झाल्यावर फळा पुसत राहिल्या. फळ्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

आई जाते ती रात्र वाचताना वर्ग शांत होता. मुलं रडतील असं बाईंना वाटलं असावं, पण आम्ही कोरडेच होतो. त्या दोन वर्षांत आम्ही फार पाहिलं होतं. मग आईच्या लाडक्या मांजराने अन्नपाणी सोडलं आणि तेही गेलं, असं पुढे आलं, आणि मागच्या बाकावरचा आमच्यातला सगळ्यात दांडगा मुलगा हुंदके देऊन रडायला लागला. त्याची आई दोन महिन्यांपूर्वी धाकट्यांना घेऊन गावी गेली होती. तो आणि त्याचे वडील दोघंच राहत होते. घंटा झाली तरी कुणी उठेना. बाईंनी पुस्तक मिटलं, त्याच्या बाकावर जाऊन शेजारी बसल्या आणि विचारलं, "आज घरी जेवायला काय आहे?"

त्याने मान हलवली. बाईंनी मला खुणेने जवळ बोलावलं. मी धावत घरी गेलो, आईला सांगितलं. तिने भिंतीवरच्या नऊ डब्यांतला एक काढला, फडक्याने पुसला आणि पातेल्याचं झाकण उघडून आत पाहिलं.