मे महिना, गावचं घर आणि कुत्रा
आज आंबा घाट उतरताना पुन्हा पटलं: कुत्र्याचं जेवण निघण्याआधी 3-4 तास उरकायला हवं. भरल्या पोटी वळणं लागली की ओकारी ठरलेली. पाणी मात्र दर दोन तासांनी, थोडं थोडं. कुत्रा मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो, म्हणून उभ्या गाडीत त्याला एकटं सोडू नका. काच थोडी खाली असली तरी नाही.

गावी वीस माणसं, म्हणजे त्याच्या नजरेला चाळीस अनोळखी पाय. पडवीच्या कोपऱ्यात त्याची रोजची चादर, न धुतलेलीच, आधी अंथरा. स्वतःचा वास सापडला की निवांत बसतो.

आणि आंब्याचे बाठे! मुलं चोखून अंगणात टाकतात, कुत्रा गिळतो, आतड्यात अडकला तर ऑपरेशनची वेळ येते. बाठ्यांची बादली झाकण लावून उंचावर ठेवा.