सेट कोणाचा?

आमच्या पुण्याच्या घरी पहिल्यांदा आलेला पाहुणा दिवाणखान्यातला तबकड्या वाजवायचा टर्नटेबल, आवाज वाढवणारा ॲम्प्लिफायर आणि कमरेएवढे उंच स्पीकर पाहतो आणि बहुतेक वेळा माझ्या यजमानांकडे वळून विचारतो, ‘हा सेट तुमचा का?’ तो माझा आहे असे कळले की दुसरा प्रश्न माझ्याकडे येतो: ‘मग हाय-फायच्या या छंदात बायका इतक्या कमी का दिसतात?’ (हाय-फाय म्हणजे मुद्रित गाणे मूळ आवाजाच्या शक्य तितके जवळ ऐकवणारी यंत्रे.) गेल्या पंचवीस वर्षांत हा प्रश्न मला इतक्या जणांनी, आणि बहुतेकांनी आपुलकीने, विचारला आहे की उभ्याउभ्या दोन वाक्यांत त्याची बोळवण करणे मला बरे वाटत नाही. तुम्ही विचारलेत म्हणून सविस्तर लिहिते.

आधी कानांविषयी. आवाजातले बारकावे बायकांना जाणवत नाहीत, असे पुष्कळांना मनापासून वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. वयोमानाने श्रवणशक्ती कमी होऊ लागते तेव्हा साधारण तीन-चार हजार हर्ट्झच्या पुढच्या बारीक ध्वनींची जाण पुरुषांमध्ये सरासरीने लवकर आणि अधिक घटते; कामाच्या जागचा गोंगाट हे त्याचे एक कारण आहे, एकमेव नव्हे. झांजेची किणकिण किंवा ‘स’ आणि ‘श’ यांची धार ज्या भागात असते, तो हाच भाग.

मला मात्र हे आधी कळले ते आमच्याच घरात. मी शाळेत असताना वडिलांनी टर्नटेबल दुरुस्त करून आणला आणि हिराबाई बडोदेकरांची तबकडी लावली. आई स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होती. ती सूप हातात घेऊनच दारात आली आणि म्हणाली, ‘हिराबाई आज चढ्या का लागल्यात? आणि घाईतही आहेत.’ वडिलांना काहीच वेगळे वाटत नव्हते. शेवटी त्यांनी कपाटातून गती तपासायची कागदी चकती काढली. तिच्या कडेने १८० रेघा असतात. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा उजळते, त्यामुळे तबकडी मिनिटाला बरोबर ३३⅓ फेरे घेत असेल तर त्या उजेडात या रेघा जागच्या जागी थांबल्यासारख्या दिसतात. त्या दिवशी त्या थांबल्या नाहीत. फिरण्याच्या दिशेने सावकाश पुढे सरकत राहिल्या, म्हणजे तबकडी जरा जास्तच वेगाने फिरत होती. वडिलांनी गती जुळवण्याचा स्क्रू जरासा फिरवला, रेघा स्थिर झाल्या, आणि आई पुन्हा तांदूळ निवडायला गेली.

त्यानंतर मशीन उघडले की वडील आधी आईला हाक मारत, हे मी आवर्जून सांगते, कारण ते मनाने फार मोकळे होते. तरीही आमच्या घरात, नात्यात, शेजारात ‘छंद’ हा शब्द फक्त वडिलांना लागू होता. आई त्या सेटसमोरच्या खुर्चीवर बसून ऐकते आहे, असे दृश्य मला कितीही आठवून सापडत नाही.

माझे उत्तर या खुर्चीत आहे. स्टिरिओ ध्वनीची रचनाच अशी असते की दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा साधारण समभुज त्रिकोण व्हावा लागतो. तेव्हाच गायिका मधोमध, तबला एका बाजूला आणि पेटी दुसऱ्या बाजूला, असे चित्र उभे राहते. दोन पावले बाजूला सरकले की ते विस्कटते. म्हणजे या छंदाला एक ठरलेली जागा लागते आणि एल.पी.ची, म्हणजे जास्त वेळ वाजणाऱ्या तबकडीची, एक बाजू संपेपर्यंत, वीस-बावीस मिनिटे, दुसरे काहीही न करता तिथे बसण्याची मुभा लागते. आमच्या आयांनी आणि आज्यांनी संगीत कमी ऐकले नाही; रेडिओवर ‘आपली आवड’ लागली की हातातले काम न थांबवता त्या शब्दन् शब्द ऐकत. परंतु कणीक मळताना ऐकलेले ऐकण्यात धरले गेले नाही, आणि हात रिकामे ठेवून डोळे मिटून बसलेल्या बाईला ‘बरं वाटत नाही का?’ असे विचारले गेले.

हे केवळ आपल्याकडचे नाही. अमेरिकेत १९४८ साली एल.पी. आली त्या सुमारास सैन्यात रेडिओ आणि रडारचे काम शिकलेले असंख्य तरुण नुकतेच घरी परतले होते. सुटे भाग विकत आणून ॲम्प्लिफायर जोडणे त्यांच्या हातचे होते, आणि घरातली एखादी वेगळी खोली त्यांनी त्यासाठी राखून घेतली. सोल्डरिंगची कला बायकांना अवघड म्हणून त्या मागे राहिल्या असे नव्हे; ती त्यांना कोणी शिकवली नाही. पुढे १९८३ मध्ये तिथल्या ‘स्टिरिओफाइल’ मासिकात ‘वाइफ ॲक्सेप्टन्स फॅक्टर’ हा शब्दप्रयोग छापून आला आणि तो जगभर रुळला. स्पीकर घरात आणायला बायको कितपत संमती देईल, याचे ते माप. गमतीने वापरला जात असला तरी या शब्दाचा मला राग येतो, कारण त्यात ऐकणारा पुरुष आणि अडवणारी बायको अशी वाटणी आधीच होऊन गेलेली असते. ऐकणाऱ्या बाईला तिथे जागाच उरत नाही.

ती वाटणी मी अनुभवली आहे. पहिले चांगले स्पीकर घ्यायला मी गेले तेव्हा विक्रेत्याने मला लाकडाचा रंग विचारला आणि ॲम्प्लिफायर किती ओहमच्या स्पीकरला चालतो हे माझ्या यजमानांना विचारले. यजमान मराठीचे प्राध्यापक. त्यांनी शांतपणे माझ्याकडे बोट दाखवले. पैसे माझ्या पगारातले होते, तरी घरी आल्यावर एका जवळच्या नातेवाईक बाईंनी ‘एवढ्यात दोन तोळे आले असते’ असे म्हटले. वडिलांना हे कोणी कधी म्हटले नव्हते.

आणि या खोल्यांतून वाजते काय? नवा स्पीकर पारखायचा असेल तर जाणकार बहुधा बाईचा आवाज लावून पाहतात, कारण त्यातला खोटेपणा कानाला लगेच बोचतो. आपल्याकडच्या तबकडीचा आरंभही बायकांच्या गळ्यातून झाला. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गाइसबर्ग कलकत्त्याला आले तेव्हा अनेक नामवंत उस्ताद त्या यंत्रापुढे गायला कचरत होते. गायिका गौहर जान मात्र गायल्या. गाणे संपताना त्या ‘माय नेम इज गौहर जान’ असे स्पष्ट म्हणत, कारण तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात आणि तिथल्या तंत्रज्ञांना आवाज कोणाचा हे कळायला हवे होते.

गाणे शिकणाऱ्या मुली आजही तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखालचा दोरा केसभर पुढे-मागे सरकवून जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, उघडी करतात. कार्ट्रिज, म्हणजे टर्नटेबलची सुई धरणारा भाग, बसवताना मी वेगळे काही करत नाही. सुईचा तबकडीवरचा भार काट्यावर १.८ ग्रॅम आहे ना ते पाहायचे, सुईखाली छोटा आरसा ठेवून ती सरळ उभी आहे ना ते तपासायचे, एक आलाप ऐकायचा, पुन्हा किंचित हलवायचे. तंबोरा लावणाऱ्या मुलीला हे एका दुपारी शिकवता येते. मी दोघींना शिकवले आहे.

पुढच्या वेळी याल तेव्हा वहिनींना जरूर घेऊन या. खुर्ची एकच आहे, ती त्यांच्यासाठी ठेवीन, आणि चहा तबकडीची बाजू संपल्यावरच टाकू.