आधी कागद, मग क्रॉप : नागपूर मालिकेच्या प्रिंट्सची प्रगती

हॉलच्या भिंतीसाठी नागपूरच्या फोटोंची मालिका करतेय. रंग आणि एक्स्पोजरचं काम उरकलं. गेले काही आठवडे क्रॉप आणि रिसाइझवर गेले, आणि त्यातून माझं एक मत पक्कं झालंय : क्रॉपची चौकट ओढण्याआधी कागदाचा आकार ठरलेला हवा. स्क्रीनवर बरं दिसतं म्हणून मोकळ्या हाताने कापलेला फोटो सहसा कुठल्याच कागदात नीट बसत नाही. उरलेलं मग लॅबचं मशीन कापतं, आणि फोटोत जपायचं काय हे मशीनला ठाऊक नसतं.

माझा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, फ्रेम ६००० × ४०००, म्हणजे ३:२. ४×६, ८×१२, १२×१८, १६×२४, २०×३० इंचांचे हे सगळे कागद याच प्रमाणातले, तिथे काहीच कापावं लागत नाही. ५×७, ८×१० आणि १६×२० यांचं प्रमाण वेगळं. ३:२ चा फोटो ८×१० वर भरला की लांबीतला सहावा हिस्सा जातो. मोबाइलचे फोटो बहुतेक ४:३ असतात, ते ४×६ वर काढले तर आखूड बाजूतला नववा हिस्सा जातो. घरच्या समारंभाच्या ग्रुप फोटोत हा नववा हिस्सा नेमका मागच्या रांगेतल्या उंच माणसांचा असतो. सीताबर्डीतल्या माझ्या लॅबवाल्या दादांची विचारायची पद्धत मला फार आवडते : ‘ताई, चार बाय सहा मारतो, पण वरून डोकं कापल्या जाईन. पट्टी सोडू का?’ पट्टी म्हणजे फोटो अख्खा बसवून दोन बाजूंना पांढरी जागा. ग्रुप फोटोला मी नेहमी पट्टीच सोडायला सांगते.

पिवळी मारबत, १२×१८ उभी

मालिकेतला हा माझा सगळ्यात लाडका फोटो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत, नेहरू पुतळ्याजवळ काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मिरवणुकीतल्या दोन उंच मूर्ती, समोरासमोर येतात तेव्हाची गर्दी ज्यांनी पाहिलीय त्यांना सांगायला नको, तिथे कॅमेरा उभा-आडवा करायला सवड मिळत नाही. फोटो आडवा आलाय, मारबत मधोमध, दोन्हीकडे माणसं, गच्च्या, तारा. पण या मूर्तीची ताकद तिच्या उंचीत आहे. ‘घेऊन जा गे मारबत’ची आरोळी उठते तेव्हा सगळ्या माना वर असतात, म्हणून प्रिंट उभीच हवी.

आडव्या फ्रेममधून २:३ ची उभी चौकट काढली की पूर्ण उंची घेऊनही हाती २६६७ × ४००० पिक्सेल राहतात. चोवीसपैकी जेमतेम पावणेअकरा मेगापिक्सेल, निम्म्याहून कमी. १८ इंचांवर ४००० पिक्सेल म्हणजे इंचाला २२२. ‘तीनशेच पाहिजेत’ असं मानणारे इथे फोटो बाजूला ठेवून देतात. मला ते पटत नाही. तीनशेचा आकडा हातात धरून बघायच्या प्रिंटचा आहे. चांगल्या नजरेला एक आर्क मिनिटाएवढा (अंशाच्या साठाव्या भागाएवढा) बारकावा वेगळा ओळखू येतो असं धरतात. त्यावरून सोपा हिशेब निघतो : ३४३८ ला बघायच्या अंतराने, इंचांत, भागायचं. एका फुटावरून २८६ येतात, दोन फुटांवरून १४३. भिंतीवरची १२×१८ कुणी एका फुटावरून बघत नाही. २२२ पुरतात, भरपूर पुरतात.

तरी हिशेबावर न थांबता तुकडा काढून पाहिला, आणि ही पद्धत प्रत्येकाने उचलावी असं मनापासून वाटतं. क्रॉप केलेली फाइल आधी शेवटच्या आकाराला नेली, ३६०० × ५४००. त्यातून १८०० × १२०० चा एक चौकोन कापला आणि साध्या ४×६ वर प्रिंट काढली. हा तुकडा म्हणजे मोठ्या प्रिंटचा त्याच मापाचा खराखुरा भाग. मी मारबतीचा गळा आणि त्याखाली वर आलेला एक हात असा भाग निवडला. ट्यूबलाइटखाली नीट पाहिलं : गळ्यातल्या हारावर रंगवणाऱ्याच्या ब्रशचे फराटे सुटे दिसतात, पिवळ्यावर लाल रंग जिथे थोडा ओघळलाय ती कडाही दिसते. खालच्या हाताच्या मनगटावरचा धागा मात्र मऊ झालाय. तो मुळात फोकसच्या मागे होता, पिक्सेल वाढवून तो धारदार होणार नाही, आणि व्हायची गरजही नाही.

रिसाइझ मी गिम्प या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये करते. तिथे दोन वेगळ्या जागा आहेत आणि त्यांत गल्लत होऊ देऊ नका. ‘प्रिंट साइझ’मध्ये डीपीआय, म्हणजे इंचाला किती पिक्सेल हा आकडा, ७२ चा ३०० केला तर एकही पिक्सेल हलत नाही, फाइलवर फक्त चिठ्ठी बदलते. ‘स्केल इमेज’मध्ये मात्र नवे पिक्सेल तयार होतात किंवा असलेले जातात. ‘फोटो ७२ डीपीआयचा आहे, प्रिंट येणार नाही’ असं कुणी म्हणालं तर लांबी-रुंदीचे पिक्सेल विचारा. ते पुरेसे असतील तर ती ७२ ची चिठ्ठी निरुपद्रवी आहे. नवे पिक्सेल बनवायच्या पद्धतींची तिथे यादी असते, वाढवताना मी त्यातली क्युबिकऐवजी लोहेलो निवडते. आकाशावर तारा आल्या आहेत तिथे क्युबिकने कडेला पांढरट रेघ उमटत होती, लोहेलोत ती बरीच कमी दिसते.

शार्पनिंग अगदी शेवटी, रिसाइझनंतर. आधी केलं तर वाढवताना शार्पनिंगच्या कडाही वाढतात आणि मारबतीभोवती प्रभावळ दिसायला लागते. स्क्रीनवर १०० टक्क्यांवर किंचित जास्त वाटेल इतकं ठेवलं की कागदावर बरोबर उतरतं. मॅटला ग्लॉसीपेक्षा थोडं जास्त लागतं.

ही प्रिंट लस्टरवर, म्हणजे मॅट आणि ग्लॉसीच्या मधल्या कागदावर, आली आहे आणि समाधानकारक आहे.

दीक्षाभूमी, १६×२०

इथे कागद फ्रेमने ठरवला. घरात १६×२० ची चांगली सागवानी फ्रेम आहे, ती वापरायचीच होती. ५:४ स्तूपाला शोभतंही. बाजूची झाडं कमी होतात, घुमटाला रुंद बैठक मिळते.

समोरून घेतलेल्या या वास्तूत तिरकेपणा लगेच डोळ्यांत भरतो, कारण सगळं तोलून बांधलेलं आहे. घुमट, दोन्हीकडच्या पायऱ्या, समोरचं तोरण, यांत अर्धा अंशही खपत नाही. माझी फ्रेम दीड अंश कललेली होती. दीड अंश सरळ केला की ३:२ तसंच ठेवून ६००० × ४००० चे साधारण ५७७५ × ३८५० उरतात. त्यातून ५:४ काढल्यावर ४८१२ × ३८५०. वीस इंचांवर इंचाला २४०. भिंतीसाठी उत्तम. क्रम मात्र महत्त्वाचा : आधी सरळ करणं, मग उभ्या रेषांची दुरुस्ती, क्रॉप त्यानंतर. खालून वर बघत घेतलेल्या फोटोत रेषा सरळ करताना वरचा भाग ताणला जातो, तिथले पिक्सेल विरळ होतात आणि कोपरे रिकामे पडतात. क्रॉप आधी करून ठेवला तर हे कोपरे भरायला जागाच राहत नाही.

आणखी एक गोष्ट फ्रेमच्या दुकानात विचारूनच फाइल बनवावी : कडेची खाच किती झाकते. माझ्या फ्रेममध्ये चारही बाजूंनी पाव इंच आत जातो. म्हणून कळसाच्या वर आणि खालच्या पायरीखाली मी स्क्रीनवर जरा जास्तच वाटेल इतकी जागा सोडली. फ्रेममध्ये बसल्यावर ती बेताची दिसते.

नीळकंठ, ६×९

उमरेड रस्त्यावर तारेवर बसलेला. दसऱ्याला नीळकंठ दिसणं आपल्याकडे शुभ मानतात, म्हणून मालिकेत हा हवाच होता. पक्षी दूर होता, लेन्स ३०० मिमीचीच. भरपूर कापल्यावर २४०० × १६०० उरले, चार मेगापिक्सेलसुद्धा नाहीत.

८×१२ केली तर इंचाला २००, आणि पक्ष्याची प्रिंट लोक जवळ जाऊन बघतात, पिसं बघायला. एआयने वाढवणारी दोन-तीन सॉफ्टवेअर लावून पाहिली. लांबून छान दिसतं. पण छातीवर त्या विटकरी रंगात ज्या फिकट उभ्या रेघा असतात, त्या सॉफ्टवेअरने एकसारख्या, विंचरल्यासारख्या करून टाकल्या. काही जागी तर मुळात नसलेल्या रेघा आल्या. पक्ष्यांच्या फोटोत मला हे चालत नाही. पिसांची रचना ही त्या पक्ष्याबद्दलची माहिती आहे, ती आपण रचायची नसते.

म्हणून प्रिंट लहान, माउंट (फ्रेमच्या आत प्रिंटभोवतीचा जाड पुठ्ठा) मोठा. ६×९ वर इंचाला २६६ पडतात, तारेवरची पकडसुद्धा नखानखाने दिसते. भोवती तीन-तीन इंचांचा पांढरा माउंट देऊन फ्रेम १२×१५ ची. मोठ्या फ्रेममधली लहान, टणटणीत प्रिंट भिंतीवर मोठ्या मऊ प्रिंटपेक्षा जास्त लक्ष वेधते, असं माझं स्पष्ट मत आहे. फाइल तयार आहे, या आठवड्यात लॅबला जाईल.

लॅबला देतानाचं थोडक्यात : एसआरजीबी कलर प्रोफाइल, जेपेग, सर्वांत वरच्या क्वालिटीत, पेनड्राइव्हवर. व्हॉट्सॲपवरून पाठवायची वेळ आलीच तर डॉक्युमेंट म्हणून, नाहीतर फोटो आकसतो आणि वरची सगळी मेहनत वाया जाते. ऑटो करेक्शन बंद आणि १०० टक्के आकार, हे दोन्ही तोंडी सांगायचं. न कापलेली मूळ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये, तिच्यावर कधीच सेव्ह करायचं नाही. जेपेग प्रत्येक वेळी पुन्हा सेव्ह करताना थोडं गमावतं, त्यामुळे मधलं काम टिफमध्ये. फाइलच्या नावातच कागद लिहिते, ‘मारबत १२×१८ लस्टर’ असं. सहा महिन्यांनी ८×१० हवी झाली तर मूळ फाइलवरून नवा क्रॉप करते, १२×१८ मधून कापत नाही.

अंबाझरी, अजून बाकी

जोडून केलेला पॅनोरमा, २:१. तलावाच्या बांधावरून सूर्योदयाच्या आधी घेतलेला, पाण्यावर धुक्याचा पातळ थर. पिक्सेलची चिंता नाही, जोडल्यावर रुंदी ११,००० च्या वर आहे. अडचण कागदाची. १२×२४ रोलवर निघते, पण मला लागतो तो कागद रोलमध्ये मिळेल का ते लॅबवाले दादा बघून सांगणार आहेत.

तोवर दुसरा मार्ग तयार ठेवलाय. ५४०० × ३६०० चा कोरा पांढरा कॅनव्हास, म्हणजे १८×१२ चा कागद, आणि त्यावर ५१०० × २५५० ला रिसाइझ केलेला पॅनोरमा. बाजूंना अर्धा-अर्धा इंच पांढरं, वर दीड, खाली दोन. खालचं थोडं जास्त ठेवल्याने चित्र घसरल्यासारखं दिसत नाही. इथे आकार निम्म्याहून खाली येतोय, तेव्हा लोहेलोच्या जागी नोहेलो. पांढऱ्या भागाभोवती एक पिक्सेलची फिकट राखाडी रेघ आखली आहे, नाहीतर कागद कुठे संपतो हे कटरवर कळत नाही. या फाइलचाही धुक्याच्या पट्ट्यातला ४×६ तुकडा काढून बघायचाय. इतक्या सपाट टोनमध्ये जेपेगचे पट्टे दिसतात का, ते स्क्रीनवर ठरवता येत नाही.