लाल जॅकेटवरची तीन अक्षरं

आज वॉशिंग्टनच्या मेट्रोत शेजारी एक आजी बसल्या होत्या. गडद लाल जॅकेट, त्यावर तीन ग्रीक अक्षरं. "कॉलेजचं का?" मी विचारलं. "कॉलेज कधीच संपलं. हे संपत नाही."

डेल्टा सिग्मा थीटा. 13 जानेवारी 1913 ला इथल्याच हॉवर्ड विद्यापीठातल्या 22 कृष्णवर्णीय मुलींनी काढलेली सॉरोरिटी, म्हणजे कॉलेजातल्या मुलींची संघटना. दोन महिनेही झाले नव्हते, तोच 3 मार्चला त्या स्त्रियांच्या मताधिकाराच्या मोर्च्यात उतरल्या. कृष्णवर्णीय बायकांनी मागे चालावं, असं काही आयोजकांचं म्हणणं. तरी गेल्या!

जॅकेटची बाही काठाला विरलेली. तिथे लाल दोऱ्याचे बारीक टाके.

इतकी वर्षं मी सॉरोरिटी म्हणजे पार्ट्या समजत होते. फार वाईट वाटलं. इथे शिकणाऱ्या आपल्या मुलींना या बावीसजणी कुणी सांगितल्या असतील का?