आठ बफर, बारा टोकन

आमचं ऑफिस बाणेरला आणि क्लायंटचा प्लांट चाकणला, त्यामुळे "जरा येऊन बघून जा" असा फोन आला की अख्खा दिवस गेला समजायचं, नाशिक फाटा, भोसरी, मोशी करत कसंबसं तळेगाव चौकापर्यंत पोचायचं आणि तिथे अडकायचं. तर प्रकरण असं होतं की त्यांच्या मशीनवर आमचा व्हायब्रेशन लॉगर, म्हणजे कंपनं मोजून नोंदवणारं यंत्र, बसवलाय, लिनक्सवर चालतो, बारा स्पिंडलचे (मशीनच्या फिरणाऱ्या दांड्यांचे) बारा चॅनल, आणि अधूनमधून एका स्पिंडलचा डेटा दुसऱ्याच स्पिंडलच्या फाइलीत सापडायचा. सगळा नाही, मधलाच एखादा तुकडा. लॅबमध्ये कितीही चालवा, एकदाही नाही.

मेंटेनन्सचे दादा भेटल्या भेटल्या म्हणाले, "साहेब, सकाळी ठणठणीत असतं, दुपारनंतर याच्या अंगात येतं. रीस्टार्ट मारला की परत गप." त्यामुळे तिथे सगळ्यांनी ठरवूनच टाकलेलं की सेकंड शिफ्टचा पोरगा काहीतरी उचापती करतो. आमच्याकडची थिअरी वेगळी, अर्थिंग खराब आहे, नॉइज येतोय, त्यापायी शिल्डेड केबलसुद्धा टाकून झाल्या होत्या आणि फरक शून्य. मला ते नॉइजचं कधीच पटलं नव्हतं. नॉइजने आकडे वेडेवाकडे येतील, शेजारच्या स्पिंडलचे स्वच्छ आकडे कुठून येणार?

ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअरकडून डेटा घेणारा कोड, आमच्याकडून केव्हाच सोडून गेलेल्या एकाने लिहिलेला. डीएमएचे (प्रोसेसरला मध्ये न घेता डेटा थेट मेमरीत टाकायची सोय) आठ बफर, म्हणजे डेटा तात्पुरता ठेवायच्या जागा, ते क्रमाने गोल फिरवून वाटायचे, आणि किती मोकळे आहेत ते सांभाळायला काउंटिंग सेमाफोर, म्हणजे शिल्लक टोकनांचा आकडा, सुरुवातीला 8. थ्रेडने (प्रत्येक चॅनलचं स्वतंत्र चालणारं काम) डाउन केलं, म्हणजे टोकन घेतलं, की आकडा एकने कमी, शून्य असेल तर थ्रेड झोपतो. काम झालं की अप, म्हणजे टोकन परत, कोणी झोपलेला असेल तर त्याला उठवतो, नाहीतर आकडा एकने वाढतो. संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्राने 1960 च्या दशकात मांडलेली हीच आयडिया, यात नवीन काही नाही. पण बारा थ्रेड आणि आठ बफर म्हणजे मशीन जोरात असताना चार जण कायम झोपलेले, आणि लॅबमध्ये आमच्याकडे सेन्सरच चार, म्हणजे तिथे झोपायची वेळ कधी कुणावर आलीच नाही!

आधी प्रिंटके (कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, लॉगमध्ये मेसेज छापणाऱ्या ओळी) टाकून बघितले तर टायमिंग बदललं आणि प्रॉब्लेमच गायब, हे नेहमीचंच. मग सेमाफोरचा आकडा डीबगएफएसमधून (कर्नलच्या आतलं बाहेरून फाइलीसारखं वाचायची सोय) वाचता येईल एवढंच केलं आणि वाट बघत बसलो. साडेचारच्या सुमारास फाइल बिघडली, लगेच लॉगिंग थांबवायला सांगितलं. सगळे थ्रेड थांबले, एकही बफर वापरात नाही, म्हणजे आकडा 8 दिसायला हवा.

दिसला 11.

सेमाफोरची गळती म्हणजे आपल्या डोक्यात असतं की कोणीतरी अप करायला विसरलं, आकडा कमी होत गेला, शेवटी सगळं अडकलं आणि डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या लॉगमध्ये, 120 सेकंदांचा तो हंग टास्कचा (काम अडकल्याचा) मेसेज आला. इथे उलटं, टोकन वाढत होते.

पोराला बाजूला घेऊन विचारलं, "नक्की काय काय दाबतोस रे?" तो बिचारा आधीच वैतागलेला. "काय नाय सर, जॉब बदलताना त्या स्पिंडलचं पॉज दाबतो. सगळेच दाबतात." तिथेच ट्यूब पेटली. पॉज दाबलं की आमचं ॲप त्या चॅनलच्या थ्रेडला सिग्नल पाठवतं. तो थ्रेड नेमका सेमाफोरवर झोपलेला असेल तर डाउन इंटरप्टिबल (डाउनचाच प्रकार, सिग्नल आला की झोप मोडणारा) एरर देऊन परत येतं, टोकन न घेता. आणि कोडमध्ये कुठलीही एरर आली की गोटू आउट, म्हणजे फंक्शनच्या शेवटच्या 'आउट' या जागी उडी, आणि आउटला अप. मेसच्या रांगेत कंटाळून निघून गेलेल्या माणसाने जाताना काउंटरवर एक कूपन ठेवून जावं, जे त्याला मिळालंच नव्हतं, तसलाच प्रकार. सकाळी बूट केलं की 8, दिवसभर जॉब बदलत राहतात, एखाद्या वेळी सिग्नल झोपलेल्याला लागतो आणि आकडा एकने चढतो. नववा टोकन तयार झाला की नववा थ्रेड आत येतो आणि गोल फिरून त्याला तोच बफर मिळतो ज्यात पहिल्याचा डेटा अजून पडलेला आहे. सेकंड शिफ्टचं पाप एवढंच की ते लोक दुपारनंतर येतात.

कर्नल काही बोलत का नाही? कारण लिनक्सच्या सेमाफोरला वरची मर्यादाच नाही, आणि अप कोणीही करू शकतं, ज्याने कधी डाउन केलं नाही तोसुद्धा, अगदी इंटरप्ट हँडलरमधून (हार्डवेअरने हाक मारली की लगेच चालणारा कोड) पण. म्यूटेक्समध्ये (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) ज्याने लॉक केलं त्यानेच अनलॉक करायचं असा नियम आहे, आणि डीबग ऑप्शन चालू असतील तर कर्नल बोंब मारतं. फ्रीआरटॉसमध्ये (छोट्या कंट्रोलरसाठीची ऑपरेटिंग सिस्टिम) काउंटिंग सेमाफोर बनवतानाच कमाल आकडा द्यावा लागतो, तो भरला की पुढचा गिव्ह, म्हणजे तिथला अप, सरळ फेल. हा ड्रायव्हर तिथे असता तर आकडा आठच्या वर गेलाच नसता.

खात्री करायला एक स्क्रिप्ट लावून सगळ्या थ्रेडना सिग्नलचा मारा केला. आकडा चढत 12 ला गेला आणि तिथेच थांबला, कितीही मारा केला तरी 13 होईना. क्षणभर गोंधळलो, मग हसू आलं, थ्रेड बारा, टोकन बारा, आता झोपणारच कोणी उरलं नाही तर सिग्नल लागणार कोणाला?

फिक्स दोन ओळींचा, एरर आली तर अपला हात न लावता तिथूनच रिटर्न. शिवाय प्रत्येक बफरला वापरात असल्याचा फ्लॅग जोडला आणि वापरातला बफर परत वाटला गेला तर वॉर्न ऑन, म्हणजे कर्नलच्या लॉगमध्ये वॉर्निंग. परत तोच सिग्नलचा मारा, लॉगिंग थांबवलं, आकडा 8. पोराला दाखवलं तर म्हणाला, "सर, हे जरा आमच्या सुपरवायझरला पण सांगा." सांगितलं, त्याच्यासमोरच.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्याच माणसाचे बाकीचे ड्रायव्हर ग्रेप करून (कोडमध्ये शब्द शोधून) बघितले, एकात सेम टू सेम गोटू आउट आणि खाली अप. तो कितीतरी ठिकाणी चालू आहे आणि एकही कंप्लेंट नाही, कारण त्यात बफर सोळा आणि थ्रेड सहाच. तरी पॅच टाकलाच.