जपानच्या गोदामातले तीस दिवस

जपानच्या गोदामात सामान फुकट ठेवायची मुदत आपल्याकडे रात्री बाराला संपत नाही, साडेआठला संपते. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढं चालतं. मला हे ५ मेच्या रात्री नऊ वाजता कळलं आणि तो राग अजून उतरलेला नाही.

परभणीत स्टेशन रोडला आमचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे. अण्णांच्या हाताखाली शिकलो, आता दोघं मिळून बसतो. आमच्याकडं अजूनही आठवड्याला दोन-चार चावीच्या एचएमटी येतात. कुणाच्या वडलांची, कुणाची लग्नात मिळालेली. एचएमटीनं १९६१ साली जपानच्या सिटिझनशी करार करून बंगळूरला घड्याळं काढली, म्हणून सिटिझनचा जुना माल आमच्या कामाचा. एचएमटीची घड्याळाची कंपनी बंद करायचं २०१६ ला ठरलं. आता बाजारात मिळणाऱ्या सुट्या भागांच्या पाकिटांत डुप्लिकेटच जास्त असतं. जपानात मात्र जुन्या दुकानांतला न वापरलेला माल अजून लिलावाच्या साइटवर येतो. ते विक्रेते बहुतेक परदेशात पाठवत नाहीत. म्हणून एजंट कंपनी धरावी लागते. ती आपल्यासाठी विकत घेते, स्वतःच्या गोदामात ठेवते आणि सगळं जमलं की एका खोक्यात बांधून पाठवते.

खरेदी सुरळीत झाली. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा परदेशी वापर आधी चालू करून ठेवा, एवढंच.

माझ्या चार वस्तू होत्या. काचांचा डबा ५ एप्रिलला गोदामात पोचला, चाव्या ९ ला, स्प्रिंगा १८ ला आणि नवा डिजिटल व्हर्निअर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, २६ ला. ठेवणावळ ३० दिवस माफ. मी समजत होतो की शेवटची वस्तू आली की तिथून तीस दिवस मोजायचे. तसं नसतं. प्रत्येक वस्तूचे दिवस ती वस्तू गोदामात पोचल्यापासून वेगळे धावतात. काचांची मुदत ५ मेलाच संपणार होती.

२७ एप्रिलला मी चारी वस्तू एकत्र बांधायची विनंती टाकली आणि निश्चिंत झालो. ३० तारखेला सहज साइट उघडली तर विनंतीपुढं ‘थांबवले’ असा शेरा. मेल २८ लाच आला होता, स्पॅममध्ये पडला होता. प्रश्न एवढाच की व्हर्निअरमधला सेल लिथियमचा आहे का? विमानानं जाणाऱ्या पार्सलात लिथियमला नियम कडक असतात, त्यामुळं विचारणं रास्त होतं. मी लगेच कळवलं, सेल एसआर ४४ आहे, सिल्व्हर ऑक्साइडचा, लिथियम नाही, आणि तरी शंका असेल तर काढून ठेवा. पाच मिनिटांत आपोआप येणारं उत्तर आलं. ऑफिस २९ एप्रिल ते ६ मे बंद.

त्या आठवड्यात जपानात लागोपाठ सुट्ट्या असतात, गोल्डन वीक म्हणतात त्याला. सुट्टी घ्यावी, माझी हरकत नाही. पण माझं सामान त्यांच्याच टेबलावर त्यांच्याच प्रश्नासाठी अडकलेलं, विचारायला माणूस नाही, आणि दिवस मात्र मोजणं चालू! ३ मेला मी व्हर्निअर वगळून बाकीच्या तीन वस्तू सोडवायचा प्रयत्न केला. विनंती रद्द करायलाही ऑफिसातलाच माणूस लागतो. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी साइट उघडायची, तेच लाल अक्षर बघायचं.

अण्णा म्हणाले, "आरं, पैसे आपण मोजलेत, माल आपला, त्यांनीच अडवून धरलाय, मग भाडं कशाचं मागतेत?" माझ्याजवळ उत्तर नव्हतं. तिकडं मानवतचे एक रिटायर्ड गुरुजी काच तडकलेलं घड्याळ ठेवून गेलेले, दर तिसऱ्या दिवशी फोन.

एक वाट होती. वस्तूपुढं मुदतवाढीचं बटण असतं, १५० येनला आणखी १५ दिवस. पण ते मुदत संपायच्या आत दाबावं लागतं. ५ मेला सेलूला मामेबहिणीचं लग्न होतं. म्हटलं, परत येऊन बाराच्या आत करू. नऊ वाजता घरी पोचून मोबाइल उघडला तर बटण गायब आणि काचांपुढं दंडाची ओळ. दिवसाला २०० येन. मी पुन्हा पुन्हा पान ताजं करत होतो. मग खाली बारीक अक्षरांत दिसलं, सगळ्या वेळा जपानच्या. चाव्यांची मुदत तिथंच उभ्यानं वाढवून घेतली.

७ ला ऑफिस उघडलं, ८ ला त्यांनी सेल काढून ठेवतो म्हणून कळवलं, ११ ला खोकं बांधून झालं. सहा दिवसांचे १२०० येन लागले. काचांचा अख्खा डबा मी १५०० येनला घेतला होता. मी सगळे मेल जोडून तक्रार केली. "नियमाप्रमाणे" एवढंच उत्तर. पैसे भरल्याशिवाय खोकं हलत नव्हतं, भरले.

बांधण्याबद्दल एक सांगायचं राहिलं. वस्तूंची मूळ मोठी खोकी काढून टाकायला सांगा. खासगी कुरिअर लांबी, रुंदी, उंची गुणून ५००० नं भागतात आणि ते वजन जास्त भरलं तर त्याचे पैसे लावतात. ४० बाय ३० बाय २५ सेंटिमीटरचं खोकं आत दोन किलो असलं तरी सहा किलोचं धरतात. मी जपान पोस्टाची ईएमएस ही जलद सेवा घेतली, तिथं काट्यावरचं वजन चालतं. इकडं पोस्टमननं कस्टमची रक्कम घेऊन पार्सल दिलं. फॉर्मवर ‘भेट’ लिहायला कुणी सुचवलं तर ऐकू नका, पाच हजारांपर्यंतच्या भेटीची सवलत डिसेंबर २०१९ मध्येच बंद झाली. खरी किंमत लिहा, पावती जवळ ठेवा.

गुरुजींच्या घड्याळाला तिसरी काच बसली, पहिल्या दोन केसभर मोठ्या निघाल्या.

आता दुकानाच्या वहीत परदेशी मालाचं वेगळं पान केलंय. वस्तू गोदामात पोचली की तिची तारीख लिहायची आणि पुढं पंचविसावा दिवस लाल पेननं. त्या दिवशी सगळं जमलेलं नसलं तरी जे आहे ते बांधायला सांगायचं किंवा मुदत वाढवायची, तीही दुपारच्या जेवणाआधी. सेल असलेली वस्तू वेगळ्या पार्सलात. ऑगस्टच्या मध्याला त्यांची ओबोनची सुट्टी असते, वर्षाअखेरीला पुन्हा बंद. म्हणून पुढची ऑर्डर जूनच्या पहिल्या आठवड्यात लावतोय.