तीस पैशांचा घोळ

डिचोली, रविवार, रात्री साडेदहा

दुपारभर पाऊस, दोनदा वीज गेली, तरी आठांपैकी सहा जण आले. चाळिशी उलटलेली माणसं पावसात भिजत कोडिंग शिकायला येतात, तेव्हा मला तयारी कमी पडल्याची लाज वाटते.

आजचा पाठ साधा होता: दोन आकडे विचारायचे, बेरीज दाखवायची. हॉटेलच्या रिसेप्शनवर वर्षं काढलेल्या ताईंनी 10 आणि 20 दिले, उत्तर आलं 1020. सगळे हसले, त्याही. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत इनपुटमधून येतो तो मजकूर, आकडा नव्हे. मजकुराचा पूर्णांक करणारं इंट लावलं, 30 झाले.

मग काकांनी स्वतःहून 0.1 अधिक 0.2 करून पाहिलं. 0.30000000000000004.

"ते सोडा, तसंच येतं," मी म्हटलं. घड्याळाकडे लक्ष होतं माझं.

काकांनी कीबोर्डवरचे हात काढून घेतले. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या 88 खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं, मार्चमध्ये खाणी थांबल्या आणि त्यांची हिशेबाची नोकरी गेली. "बाई, आमच्याकडे एका पैशाचा फरक आला तर तो सापडेपर्यंत कोणी घरी जात नसे."

वर्गात पहिल्यांदाच कोणीतरी योग्य ठिकाणी संशय घेतला होता आणि मी त्यालाच गप्प करत होते. मग पाठ बाजूला ठेवला. फळ्यावर एक रुपया तिघांत वाटला: 33, 33, 33 आणि उरलेला पैसा. दशमानात एक तृतीयांश जसा कधी संपत नाही, तसा संगणकाच्या द्विमानात, म्हणजे फक्त 0 आणि 1 वापरून, एक दशांश संपत नाही. कुठेतरी तो तोडावा लागतो, तिथली ही कुसळं.

काका बराच वेळ फळ्याकडे बघत राहिले. "मग रुपयांत कशाला? पैशांतच मोजूया. 10 आणि 20. पूर्णांक."

पैशाचे हिशेब ठेवणाऱ्या प्रणाल्यांत हे सर्रास केलं जातं. मला ते नोकरीत दोन वर्षांनी कळलं होतं, तेही शिव्या खाऊन.

पुढच्या रविवारच्या टिपणातले भूमितीचे नमुने खोडले. काका डिझेलच्या जुन्या पावत्या आणणार आहेत. जाताना जिन्यातून विचारलं, "थोड्या भिजल्यात बाई, चालतील ना?"